सातशेचा रेझर आणि पाच हजारांचं रिकामं खोकं

ऑगस्टच्या एक तारखेला पार्सल एकदाचं घरी पोचलं. आता डोकं शांत आहे तोवर सगळं सविस्तर लिहून टाकतो, कारण जुने रेझर आणि त्यांची मूळ खोकी जमवायच्या ह्या भानगडीत मी पडलो तेव्हा मराठीत काही म्हणजे काही सापडत नव्हतं आणि इंग्रजीत जे होतं ते अमेरिकेतल्या लोकांनी अमेरिकेतल्या लोकांसाठी लिहिलेलं, घराजवळच्या गॅरेज सेलला जा वगैरे. आपल्याकडे माळ्यावरचा डबा थेट भंगारवाल्याकडे जातो, मधे सेलबिल काही नसतो. ज्यांना फक्त कस्टम्सचं काय झालं ते वाचायचंय त्यांनी सरळ खाली जुलै महिन्यावर उडी मारली तरी चालेल.

तर जानेवारी 2024. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो हे पुणेकरांना सांगायला नको. मी शक्यतो रविवारी सकाळी लवकर जातो, नंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतं आणि विक्रेत्यांचा भाव पण. एका पथारीवर नळाच्या तोट्या, कुलपं, पितळी अडकित्ते ह्या सगळ्याच्या खाली एक चपटा धातूचा डबा दिसला, चष्म्याच्या केसपेक्षा थोडा जाड. उचलला तर रोल्स रेझर, इंपीरियल नंबर 2. विक्रेता लगेच म्हणाला, "दादा, रोल्स रॉईसचा आहे, साहेब लोकांचा माल." हे वाक्य मला प्रत्येक बाजारात ऐकायला मिळालंय, मुंबईत चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटला पण. गाडीवाल्या रोल्स रॉईसचा आणि ह्याचा काडीचा संबंध नाही. ही लंडनमधल्या क्रिकलवुडची वेगळी कंपनी, 1920 च्या दशकात हा रेझर बाजारात आला आणि 1950 च्या दशकापर्यंत चांगला खपला, हिंदुस्थानातही भरपूर आला, म्हणूनच आपल्या जुन्या बाजारांत अजून निघतो. पुढे जॉन ब्लूम नावाच्या माणसाच्या हातात कंपनी गेली, ते थेट गिऱ्हाइकाला वॉशिंग मशीन विकायला लागले आणि जुलै 1964 मध्ये सगळं कोसळलं. दाढीच्या कंपनीचा शेवट वॉशिंग मशीनमध्ये झाला हे मला अजूनही मजेशीर वाटतं.

ज्यांनी हा रेझर हाताळला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डब्याला दोन झाकणं असतात, वर एक आणि खाली एक. एकाच्या आत धार लावायचा दगड, दुसऱ्याच्या आत चामड्याचा पट्टा. मधल्या चौकटीत एकच जाड पातं बसवलेलं असतं, वस्तऱ्यासारखं पोकळ घासलेलं पण वीतभर नाही, बोटभर. एक झाकण काढायचं आणि मधला दांडा पुढे-मागे सरकवायचा, की प्रत्येक टोकाला पातं आपोआप उलटतं, एकदा ही बाजू घासते, एकदा ती. आणि आवाज असा खणखणीत येतो की सकाळी सहाला घरात कोणी झोपलेलं राहणार नाही. मग पातं काढून मुठीला लावायचं आणि दाढी करायची. पात्यासमोर गार्ड आहे म्हणून हा सेफ्टी रेझर, पण ब्लेड दरवेळी फेकायचं नाही, आयुष्यभर तेच. म्हणजे जिलेटने जो धंदा उभा केला त्याच्या बरोब्बर उलटा विचार. किंग जिलेटने रेझर एकदा विकून ब्लेड जन्मभर विकायची ठरवली, 1904 ला त्याला अमेरिकेत पेटंट मिळालं, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांना लाखोंनी त्याचे सेट दिले आणि सवय लागली ती लागलीच.

घेताना काय बघायचं: दगड तडकलेला नाही ना, चामडं उकललेलं नाही ना, मूठ डब्यातच आहे ना (बऱ्याचदा गायब असते आणि नुसती मूठ नंतर मिळता मिळत नाही), दोन्ही झाकणं सैल न होता बसतात का आणि दांडा सरकवल्यावर पातं अडकतं का. गंज वरवरचा असेल तर घाबरू नका, धारेवर खड्डे असतील तर सोडून द्या. पंधराशेपासून सुरू झालं, मी डबा खाली ठेवून दोन पावलं पुढे गेलो, सातशेला मिळाला.

घरी आल्यावर साफसफाई. इथे एकच कळकळीने सांगतो, चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, पितळ चकाकवायचं पॉलिश ह्यातलं काहीही लावू नका. खाली बहुतेक वेळा पितळ आणि वर निकेलचा पातळ मुलामा असतो, तो एकदा गेला की गेला, जिलेटच्या सोनेरी मुलाम्याच्या रेझरचं तर दोन हात घासले तरी पितळ दिसायला लागतं. कोमट पाणी, भांडी धुवायच्या लिक्विडचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, बास. आणि रोल्सच्या बाबतीत चामड्याच्या झाकणाला पाणी अजिबात लागू द्यायचं नाही, ते कोरड्या फडक्यानेच.

आता मुद्दा. रेझर मिळणं हा ह्या छंदाचा सोपा भाग आहे. धातू टिकतो. खोकं कोण ठेवतं? घरी आणल्या दिवशी ते चुलीत किंवा उकिरड्यावर गेलेलं असतं, चुकून राहिलंच तर आपल्या हवेत वाळवी, कसर आणि चार पावसाळे त्याचा निकाल लावतात. त्यामुळे मूळ पुठ्ठ्याचा बॉक्स, वापरायच्या सूचनांचं पत्रक, ब्लेडचं न फोडलेलं पाकीट हे सगळं रेझरपेक्षा कितीतरी दुर्मिळ आणि अर्थात महाग. नुसता रेझर म्हणजे जुनी वस्तू, बॉक्स आणि पत्रकासकट असेल तर तो कसा विकला जायचा, गिऱ्हाइकाला काय सांगितलं जायचं, हे सगळं कळतं. मला दाढीपेक्षा ह्याच्यात जास्त रस आहे हे मी कबूल करतो. माझी दाढी आजही साध्या डबल एज रेझरने, म्हणजे दोन्ही कडांना धार असलेल्या ब्लेडच्या रेझरने होते.

फेब्रुवारीपासून माझ्या रोल्सचा बॉक्स शोधायला लागलो. मुंबईत चोर बाजारात दोन चकरा झाल्या (मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी पहाटे रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो, तो वेगळा प्रकार). रेझर दिसले, व्हॅलेट ऑटोस्ट्रॉपचे पत्र्याचे डबे दिसले, ज्यात चामड्याचा पट्टा रेझरच्या डोक्यातूनच ओवून धार लावतात, पण पुठ्ठ्याचं खोकं एकही नाही. एका दुकानदाराने मला शांतपणे विचारलं, "खोक्यात काय ठेवणार?" रेझर ठेवणार म्हटलं तर म्हणाला रेझरला डबा आहे की. त्याचंही खरं होतं.

मग परदेशी लिलावाच्या वेबसाइटवर सर्च सेव्ह करून ठेवले. टीप: नुसतं रेझरचं नाव टाकू नका, त्यापुढे एम्प्टी बॉक्स, कार्टन, लीफलेट असे शब्द टाका आणि स्पेलिंग चुकवून पण शोधा, कारण घरातलं सामान विकणाऱ्यांना बरोबर नाव माहीत नसतं आणि तिथेच स्वस्त मिळतं. मे अखेरीस इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडे रिकामा बॉक्स आणि आत घडी घातलेलं पत्रक असं दिसलं, 18 पौंड.

पैसे भरायच्या आधी जास्तीचे फोटो मागितले आणि हे तुम्ही सुद्धा मागाच. चारही कोपरे, झाकणाच्या आतली कड (बाहेरचा रंग उन्हाने उडालेला असतो, मूळ रंग आतल्या कडेला कळतो), पत्रकाची मागची बाजू आणि जमलं तर अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली एक फोटो. नोटा तपासायची ती दोनशे-तीनशेची टॉर्च असते ना, तीच. हल्लीच्या पांढऱ्या कागदात चकाकी आणणारी रसायनं असतात, त्या उजेडात तो निळसर पांढरा झगझगतो, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा कागद मख्ख राहतो. रंगीत झेरॉक्स मारून चहाच्या पाण्यात बुडवलेली पत्रकं बाजारात फिरतात त्यामुळे हा उद्योग करावाच. दुसरी खूण म्हणजे जुन्या खिळे छपाईत, म्हणजे धातूची अक्षरं कागदावर दाबून केलेल्या छपाईत, अक्षर कागदात किंचित रुतलेलं असतं, पाठीमागून बोट फिरवलं तर लागतं, पण ते वस्तू हातात आल्यावरच. विक्रेता सज्जन निघाला, सगळे फोटो पाठवले, वर म्हणाला की भारतात रिकामं खोकं पाठवायची ही माझी पहिलीच वेळ.

11 जूनला पैसे भरले. 18 पौंड आणि ट्रॅकिंगवालं पोस्टेज साडेतेरा, कार्डाचा परकीय चलनाचा चार्ज धरून 3,510 रुपये गेले. कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी ॲपमधून चालू करावे लागतात, झाल्यावर परत बंद करा. ट्रॅकिंगचे पैसे वाचवू नका, साध्या पोस्टाने आलेलं पाकीट कुठे अडकलं हे विचारायची सोयच नसते. कस्टम्सच्या फॉर्मवर त्याने माझ्या सांगण्यावरून खरं तेच लिहिलं, जुना रिकामा पुठ्ठ्याचा बॉक्स आणि छापील पत्रक, किंमत 18 पौंड, कोड 4819, जो पुठ्ठ्याच्या खोक्यांचा आहे. काही विक्रेते आपणहून 'गिफ्ट लिहू का' विचारतात. अजिबात नको. एक तर ते खोटं, आणि दुसरं म्हणजे डिसेंबर 2019 पासून भेटवस्तू म्हणून आयात करायची सवलत जवळपास बंदच झालेली आहे, राखी आणि जीव वाचवणारी औषधं वगळता.

24 जूनला पार्सल मुंबईत. मी खूश. 27 ला ट्रॅकिंगवर आलं की कस्टम्सने रोखून धरलंय. मग रोज सकाळी चहाबरोबर ते पान उघडायचं आणि तीच ओळ वाचायची. हेल्पलाइनवर सांगितलं की पत्र येईल. पत्र आलं 10 जुलैला, साध्या टपालाने, एक कोपरा पावसात भिजलेला. त्यात मागितलेलं: बिल, पैसे भरल्याचा पुरावा, ओळखपत्राची प्रत, वस्तूचं वर्णन आणि वापराचा हेतू. वाचून पोटात गोळा आला खरा, भाषाच तशी असते, अमुक मुदतीत खुलासा न आल्यास माल परत पाठवला जाईल वगैरे. पण नीट बघितलं तर पाचही गोष्टी घरात होत्या.

मी त्याच दिवशी सगळं स्कॅन करून ईमेल केलं आणि प्रती स्पीड पोस्टाने पाठवल्या, प्रत्येक पानावर पार्सलचा ट्रॅकिंग नंबर वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात. बँक स्टेटमेंटमधली ती एक ओळ हायलाइट करून बाकीची झाकून टाकली. नंतर दहा-बारा दिवस चिडीचूप. शेवटी 22 जुलै, सोमवार, सव्वासातची डेक्कन क्वीन पकडून मुंबईला गेलो. हे सगळ्यांनी करायलाच हवं असं नाही, पुष्कळ लोकांचं ईमेलवरच भागतं, पण मला त्या मुदतीची भीती वाटत होती आणि वस्तू कागदाची, परत इंग्लंडला गेली तर परतीच्या प्रवासात तिचं काय उरेल कोण जाणे.

ऑफिसात गेटवर नाव लिहिलं, आत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, मग जेवणाची सुट्टी, मग एका मॅडमकडे. त्यांच्यासमोर माझा अर्ज होता, म्हणजे ईमेल पोचलेला होता, फक्त त्याचं करायचं काय हा प्रश्न पडलेला.

"आत रेझर कुठाय?"

"मॅडम, रेझर माझ्या घरी आहे. हे त्याचं खोकं आहे."

"नुसतं खोकं?"

"आणि एक पत्रक."

"अठरा पौंडांचं?" त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या साहेबांकडे बघितलं, साहेबांनी माझ्याकडे.

गंमत बाजूला, त्यांची शंका अगदी रास्त होती. रिकाम्या खोक्याची एवढी किंमत म्हणजे आत काहीतरी लपवलंय असं कुणालाही वाटेल. दुसरा मुद्दा त्यांनी काढला तो मला आधीच वाचून माहीत होता, म्हणून तयारीत होतो: आयातीच्या धोरणात वापरलेल्या मालावर बंधन आहे, कारखान्याची यंत्रं वगैरे भांडवली माल वेगळा, बाकीच्या सेकंड हँड मालाला परवाना लागतो. मी एक पानी अर्ज घरून लिहूनच नेला होता, की ही एकच वस्तू आहे, जुनं छापील वेष्टन, स्वतःच्या संग्रहासाठी, विक्रीसाठी नाही, आणि सोबत माझ्या रेझरचे फोटो, डब्यावरचं नाव आणि खोक्यावरचं नाव शेजारी शेजारी दिसतील असे. त्या फोटोंनी काम केलं असं माझं मत आहे. मॅडमनी ते दोन मिनिटं बघितले, आत साहेबांकडे नेले, बाहेर येऊन म्हणाल्या की वैयक्तिक वापर म्हणून ड्युटी लावून सोडतो, पार्सल पोस्टाने घरीच येईल, इथे पैसे भरायचे नाहीत. वर विचारलं, "आणि तो रेझर चालतो का अजून?" चालतो म्हटलं.

हा माझा अनुभव आहे, कायद्याचा सल्ला नाही. दुसऱ्या टेबलावर दुसरा निर्णय होऊ शकला असता ह्याची मला कल्पना आहे, म्हणून महागडी वस्तू असेल तर आधी चौकशी करा. ड्युटीचे दर पण बदलत असतात, त्यामुळे टक्के लिहीत नाही. फक्त लक्षात ठेवा की ती वस्तूच्या किमतीवर नाही तर पोस्टेज धरून होणाऱ्या एकूण रकमेवर लागते, म्हणजे हलक्या स्वस्त वस्तूला महाग पोस्टेज घेतलं की दोनदा मार बसतो. चार वस्तू एकाच विक्रेत्याकडून एकत्र मागवणं त्यातल्या त्यात परवडतं.

1 ऑगस्टला पोस्टमन आले. ड्युटी आणि पोस्टाची फी मिळून 1,460. "काय सोनंबिनं मागवलंय का साहेब?" म्हणाले. पैसे दिले, पार्सल हलवून बघितलं तर काहीच वाजलं नाही, आणि वाजायला नकोच होतं. आतमध्ये दोन जाड पुठ्ठ्यांच्या मधे बॉक्स, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. तपासणीसाठी उघडून कस्टम्सने आपली टेप लावली होती, पण फक्त बाहेरच्या पाकिटाला, नशीब.

पत्रक तीन घड्यांचं. दगड कधी वापरायचा, पट्टा कधी, दांडा किती जोरात ढकलायचा, चित्रांसकट. घड्यांवर कागद ठिसूळ झालाय आणि एका कोपऱ्यात पेन्सिलीने कुणीतरी बारीक आकडेमोड केलीय, शिलिंग-पेन्सची बेरीज दिसते. ती मी पुसणार नाही. एक मित्र म्हणाला रबर मार, स्वच्छ दिसेल. नको.

जतनाचं थोडक्यात, कारण भर पावसाळ्यात कागद घरात घेणं म्हणजे डोक्याला ताप. आल्या आल्या कपाटात कोंडायचं नाही, एक-दोन दिवस कोरड्या खोलीत सावलीत मोकळं ठेवायचं. घडीवर फाटलं तर सेलोटेप चुकूनही नको, काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि तिचा डिंक कागदात उतरतो. लॅमिनेशनचं तर नावच काढू नका. मी ॲसिड नसलेला टिशू पेपर मागवून त्यात पत्रक उघडं, म्हणजे घडी न घालता ठेवलंय, आणि बॉक्स एका मोठ्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. पुड्या महिन्यातून एकदा बदलतो. डांबरगोळ्या टाकू नका, जुन्या प्लॅस्टिकच्या केसेस त्यांच्या वाफेने चिकट होतात. आणि पीव्हीसीच्या पिशव्या, त्या कपड्यांच्या दुकानात मिळतात तसल्या उग्र वासाच्या, त्या पण नकोत. रेझर खोक्यात ठेवत नाही, शेजारी ठेवतो, पात्याला गंज येऊ नये म्हणून लावलेलं तेल पुठ्ठ्याला लागायला नको.

एक गोष्ट संग्राहकांमध्ये वादाची आहे म्हणून माझं मत सांगतो. माझा सेट जुळवलेला आहे, रेझर पुण्याचा, खोकं इंग्लंडचं, ते दोघे कारखान्यातून एकत्र निघालेले नाहीत. काही लोक असे सेट मूळचे म्हणून तिप्पट भावाने विकतात, ते मला पटत नाही. मी डब्यात एक चिठ्ठी टाकलीय, कुठली वस्तू कुठून, कधी, कितीला. पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला कळू दे. जिलेटच्या बाबतीत जुळवाजुळव पकडणं सोपं असतं, अमेरिकन रेझरवर वर्षाचं अक्षर आणि तिमाहीचा आकडा कोरलेला असतो, म्हणजे एफ 2 म्हणजे 1960 ची दुसरी तिमाही. ते बघून 1 ते 9 आकड्यांचा तो प्रसिद्ध जाडा ॲडजस्टेबल रेझर आणि सोबतची केस एकाच काळाची आहे का हे निदान तपासता तरी येतं. रोल्सला अशी सोय मला सापडलेली नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी माझ्यासारखं एकदम कस्टम्सपर्यंत जायची गरज नाही. आपल्याकडच्या ब्लेडच्या पाकिटांपासून सुरू करा, टोपाझ, पनामा, सेव्हन ओ'क्लॉक, ठाण्याचं सुपरमॅक्स. जुन्या किराणा दुकानांत, सलूनच्या ड्रॉवरमध्ये अजून सापडतात, दहा-वीस रुपयांत मिळतात आणि वेष्टनांची छपाई कशी बदलत गेली ते शिकायला ह्याहून चांगली शाळा नाही. सलूनवाल्याला आधी नीट सांगा की दाढीसाठी नकोय, नाहीतर तो जुनं ब्लेड द्यायला घाबरतो.

आणि उलट्या दिशेने, म्हणजे बाहेर विकायचा विचार असेल तर: 1972 च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. शंभरी ओलांडलेली, इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाच्या वेळचे जिलेटचे सेट आता त्या वयाचे झालेत, तेव्हा असं काही हातात असेल तर पाकीट बांधायच्या आधी पुरातत्त्व खात्यात विचारून घ्या. आणि हो, ह्या पार्सलच्या ड्युटीची पावती मी बिलासोबत फाइलला लावून ठेवलीय, पुढच्या पार्सलला पुन्हा पत्र आलं तर अर्जाला तिची प्रत जोडणार.